पंतनगरचे चिलटवाले

माझ्या नवऱ्याने आयुष्यभर चिलटं पाळली. केळं जरा जास्त पिकलं की त्याच्यावर जमतात ना, बारीक, लाल डोळ्यांची, तीच. एखादा माणूस रिकामा दिसला की लोक म्हणतात, माश्या मारत बसलाय. आमच्या घरात ती सोय नव्हती. चहाच्या कपात चिलट पडलं तर नवरा ते चमच्याने काढणार, फुंकर घालून भिंतीवर ठेवणार, आणि मगच चहा पिणार. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी हे बघितलं आणि मनात म्हटलं, शकु, तुझी वाट लागली.

नाव अंबादास खंडू हिवराळे. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते, पण लिहिताना नावच लिहीन, कारण 'अहो'ला आडनाव नसतं. विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले. संशोधनाचा विषय असा, की प्राणी जसा वागतो त्यातलं आईबापांकडून किती येतं आणि बाकीचं कुठून येतं. याला वर्तन-आनुवंशिकी म्हणतात. घाटकोपरच्या पंतनगरात हा शब्द कुणाच्या जिभेवर बसला नाही. त्यामुळे आमचं घर म्हणजे चिलटवाल्यांचं घर. पोस्टमनसुद्धा तसंच विचारत यायचा.

हा विषय त्यांनी का घेतला ते आधी सांगते. माझे सासरे खंडू हिवराळे बुलढाण्याकडचे. मुंबईत येऊन पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर लागले. गाडी रोज देवनारला जाऊन रिकामी व्हायची. घरी आल्यावर अंग घासून आंघोळ केल्याशिवाय ते मुलाच्या पुस्तकाला हात लावत नसत. वाचता फारसं येत नव्हतं, पण पुस्तक सरळ करून ठेवणं, मुडपलेली पानं उलगडणं हे काम त्यांचं. असा हा मुलगा बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आला. त्या दिवशी कॉलेजातले एक सर दुसऱ्यांना सांगत होते, ते याने दाराबाहेरून ऐकलं. सर म्हणाले, सवलतीवर येतात, पाठ करून मार्कही काढतात, पण बुद्धी रक्तात असावी लागते. मी तिथे असते तर त्या सरांना तिथल्या तिथे चार शब्द ऐकवले असते. अंबादास घरी येऊन जेवले. पण रक्तात काय असतं ते आता आपणच बघायचं, हे तेव्हा ठरलं.

ऐंशी साली त्यांना डॉ. अनुपमा कर्णिक यांच्या हाताखाली जागा मिळाली. विद्यापीठाचं एक संशोधन केंद्र तेव्हा अंधेरीला होतं, पत्र्याच्या छपराची बैठी इमारत. नोकरी हंगामी. अमुक मुदतीत पीएच.डी. झाली तर कायम, नाहीतर घरी. त्याच महिन्यात बँकेतल्या नोकरीचंही बोलावणं आलं होतं. माझं माहेर बँकेच्या बाजूने, सगळी चाळ बँकेच्या बाजूने, आणि खरं सांगायचं तर मीही बँकेच्याच बाजूने होते. मी पालिकेच्या शाळेत शिकवत होते, पण एका पगारात सासू-सासरे आणि आम्ही दोघं, म्हणजे ओढाताणच. सासऱ्यांनी एकच विचारलं, तुला काय शिकायचंय? यांनी सांगितलं. सासरे म्हणाले, मग बँक राहू दे.

प्रयोग असा होता. साकीनाक्याच्या एका गाळ्यात काचेच्या नळ्या ओढून एक चक्रव्यूह बनवून घेतला होता. चिलट एका टोकाने आत सोडायचं, दुसऱ्या टोकाला दिवा. वाटेत फाटेच फाटे, आणि प्रत्येक फाट्याला वर चढायचं की खाली उतरायचं हे चिलटाने ठरवायचं. शेवटी एकावर एक बाटल्या. सारखी चढत गेलेली वरच्या बाटलीत सापडणार, सारखी उतरत गेलेली खालच्या. मग चढणाऱ्यांची पिलावळ चढणाऱ्यांपासून वाढवायची, उतरणाऱ्यांची उतरणाऱ्यांपासून, आणि दर पिढीला तेच पुन्हा. चिलटाची पिढी दोन आठवड्यांत उभी राहते. माणसाची शंभर वर्षं इथे दोन-तीन महिन्यांत बघायला मिळतात. केंद्रातले बाकीचे लोक त्यांना इंग्रजीत वरची आणि खालची म्हणायचे. अंबादास मात्र चढी आणि उतरी म्हणायचे. दुसरं काही म्हणायला त्यांची जीभ वळायची नाही, आणि का ते मला विचारावं लागलं नाही.

चार वर्षं हे चाललं. चढी इतकी चढी झाली की नळी उलटी केली तरी क्षणात पुन्हा वर. उतरी तळाशी बसून. यांचा जीव त्या नळ्यांत. रविवारी जायचे, दिवाळीत जायचे. खाणं घरचंच म्हणा ना: मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि चायना ग्रास एका पातेल्यात शिजवायचं आणि नळ्यांत ओतायचं. मका मी निवडून धुऊन वाळवायची आणि आमचा चक्कीवाला राजाराम आधी जातं झाडून मगच तो दळून द्यायचा. कीटकनाशकाचा कण जरी गेला तरी चिलटं मरतात. राजाराम कुरकुरायचा, की गिऱ्हाईक थांबलंय आणि मी माश्यांच्या पिठासाठी जातं झाडतोय. पण झाडायचा.

केंद्रात भिकाजी परब नावाचा शिपाई होता. मालवणकडचा, विशीतला, आमच्यासारखाच हंगामी. नळ्या धुणं, कापसाची बुचं वळणं ही कामं तो करायचा, आणि अंबादासवर त्याचा फार जीव. बाकीचे साहेब त्याला 'ए' म्हणून हाक मारायचे, हे 'भिकाजीराव' म्हणायचे.

चौऱ्याऐंशीच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला गेलो. दसरा म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. सासऱ्यांनी स्वतः नागपूरला दीक्षा घेतलेली, त्या दिवसापासून दारूला शिवलेले नाहीत. दोन्ही म्हाताऱ्यांना दीक्षाभूमीवर घेऊन जायचं कितीतरी वर्षं राहून गेलं होतं. अंबादासनी नळ्यांत ताजं अन्न भरलं, उबेच्या कपाटात सगळं नीट लावलं आणि निघाले. काही बिघडलं तर हाताशी असावा म्हणून वाढवलेला चिलटांचा राखीव जोडही त्याच कपाटात होता. दुसरं कपाट बिघडलं होतं आणि दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत होता.

आम्ही परतलो आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पिठाचा डबा घेऊन यांच्याबरोबर अंधेरीला गेले. केंद्रात शिरतो तर प्रत्येक सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, झेंडूचा हार. खंडेनवमीची पूजा. यांनी हसत कपाट उघडलं. आत प्रत्येक नळीपुढे झेंडूचं एकेक फूल ठेवलेलं, अगदी ओळीने, देवापुढे ठेवतात तसं. आणि प्रत्येक नळीच्या तळाला चिलटांचा काळा थर.

अंबादासनी एक नळी उचलली, बोटाने टिचकी मारली. काही हललं नाही. मग दुसरी. मग खालचा कप्पा. सगळ्या नळ्या बघून झाल्यावर त्यांनी एक फूल उचलून नाकाशी नेलं आणि माझ्यापुढे धरलं. झेंडूच्या वासाखाली औषधाचा उग्र वास येत होता. दसऱ्याच्या आधी फुलांना कीड लागू नये म्हणून मळ्यात फवारणी करतात. बाहेरच्या हारांनी काही बिघडलं नसतं. पण बंद, उबदार कपाटात तो वास तीन-चार दिवस कोंडला आणि कापसाच्या बुचांतून आत गेला. चार वर्षं काम करून वाढवलेली चढी मेली, उतरी मेली. मुदतीतलं दीड वर्ष उरलं होतं.

भिकाजी केंद्रातच राहायचा, त्याला बोलावलं. त्याला आधी कळेचना. त्याच्या हिशोबाने त्याने सगळ्यात मोठी पूजा आमच्या कपाटाची केली होती. मग कळलं तेव्हा तो मटकन खाली बसला.

"सायबानू, देवाक फुलां चालतत," तो म्हणाला, "मगे ह्येंका कशी चालली नाय?"

मला तर त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. नागपूरहून आणलेली सगळी शांती माझ्या डोक्यातून उडून गेली. तेवढ्यात अनुपमाताई आल्या. त्या पार्ल्याला राहायच्या, यांनी फोन केल्यावर तशाच निघाल्या होत्या. त्यांचा राग माझ्यापेक्षा वरचढ. केंद्रप्रमुखांना लेखी कळवायचं, या मुलाला उद्यापासून इथे पाऊल टाकू द्यायचं नाही, असं त्या म्हणाल्या, आणि अंबादासनी आधी कळवावं, कारण नुकसान त्यांचं.

अंबादास फुलं गोळा करत होते. एकेक उचलून कागदाच्या पुडीत. ते थांबले नाहीत.

"मॅडम, मी तक्रार नाही देणार," ते म्हणाले. "माझ्या कामाला आजवर फूल कुणी वाहिलंय? याने वाहिलं. चिलटं मेली ती फवाऱ्याने मेली आणि दोन्ही जोड एका कपाटात ठेवले म्हणून सगळी मेली. ते मी ठेवले होते."

अनुपमाताईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, तुमची मुदत मी बघते, तुम्ही चिलटं बघा. त्या कुणापुढे हात जोडणाऱ्यातल्या नव्हत्या. पण त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या प्रत्येक टेबलापुढे उभ्या राहिल्या, ओळखी काढल्या, भांडल्या, आणि दीड वर्षाची तीन वर्षं करून आणली. ही बाई नसती तर पुढचं काही लिहायला उरलं नसतं. त्यांचे उपकार मी मेले तरी फिटायचे नाहीत, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं तेव्हा त्या माझ्यावरच खेकसल्या.

आता नव्याने सुरुवात करायची तर रानटी चिलटं हवीत, जितक्या जास्त घरांतली तितकी बरी. सासूबाई शांताबाई हे ऐकून उठल्या आणि दारोदार फिरल्या. सगळ्या पंतनगरात लोणच्याच्या रिकाम्या बाटल्यांत सडकी केळी ठेवून खिडक्यांत मांडली गेली. लोकांना चेष्टेला विषयच मिळाला. कुणी विचारायचं, वहिनी, झुरळं चालतील का, आमच्याकडे झकास आहेत. कुणी म्हणायचं, चिलटवाल्यांना रुखवतात काय द्यायचं ते आता कळलं. पण दर शनिवारी बाटल्या आमच्या गॅलरीत आणून ठेवायचेही तेच. वर्षानुवर्षं ज्यांच्याशी नळावरून भांडले त्या बायकांनी मला चिलटं आणून दिली. तरी संख्या पुरेना. आणि बरीचशी आणताना मरायची.

मग एका रविवारी दार वाजलं. सासऱ्यांनी उघडलं. बाहेर भिकाजी, घामाने निथळत, बगलेत फडक्यात गुंडाळलेला मोठा बुधला. बुधल्यातून ताडीचा असा भपकारा, की शेजारचेसुद्धा डोकावले. दीक्षेपासून ज्यांच्या उंबऱ्याच्या आत दारूचा थेंब आला नाही, त्या खंडू हिवराळ्यांच्या दारात ताडी. सासऱ्यांनी त्याला तिथूनच वळायला सांगितलं. तो हलेना. त्याने फडकं सोडून बुधला वर धरला.

"पिवक नाय हाडलंय," तो म्हणाला. "चिलटां हाडलंय."

बोरिवलीहून तरीने खाडी ओलांडून तो गोराईला गेला होता. तिथे ताडी काढणाऱ्यांच्या झोपडीत आंबलेला गाळ पडलेला असतो आणि त्यावर चिलटांचे थवे असतात, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. बुधल्याच्या तोंडाला जाळी बांधून, ऊन लागू नये म्हणून ओलं फडकं गुंडाळून, बस बदलत बदलत तो घाटकोपरला आला होता. आत चिलटं नुसती खदखदत होती. अंबादास धावत आले आणि दारातच मांडी घालून बसले. सासरे दारातून बाजूला सरकले.

"आत ये," शेवटी ते भिकाजीला म्हणाले. "बाटली बाहीर राहू दे."

सासूबाईंनी त्याला जेवायला वाढलं. बुधला गॅलरीत होता आणि सासरे त्याच्याकडे पाठ करून जेवले. पुढे कितीतरी रविवार हा कार्यक्रम चालला. चाळीत बोंब झाली की चिलटवाल्यांकडे ताडी येते, आणि सासऱ्यांना विहारात जाऊन खुलासा करावा लागला. म्हातारा चिडचिड करायचा, पण भिकाजीला उशीर झाला की खिडकीत जाऊन उभाही राहायचा.

पंतनगरची आणि गोराईची चिलटं एकत्र करून अंबादासनी नवा प्रयोग लावला. तोच चक्रव्यूह, तेच फाटे. आता राखीव जोड अनुपमाताईंच्या घरी, पार्ल्याला. त्या ब्रह्मचारिणी बाईंच्या दिवाणखान्यात चिलटांचं कपाट. पहिलं वर्षभर काही होईना. चिलटं मनाला येईल तशी चढत होती, उतरत होती. नाहीच जमलं तर काय, हे आम्ही दोघांनीही तोंडातून काढलं नाही. बँकेचं वय उलटून गेलं होतं. मग हळूहळू फांद्या फुटाव्या तसे दोन गट वेगळे व्हायला लागले. शहाऐंशीच्या अखेरीला चढी पुन्हा चढी होती, उतरी पुन्हा उतरी.

सत्त्याऐंशी साली तोंडी परीक्षा झाली. ती खुली असते, कुणीही जाऊन बसू शकतं. मी शाळेतून रजा काढली. सासरे पांढरा सदरा घालून माझ्याबरोबर मागच्या बाकावर बसले. सगळं इंग्रजीत चाललं होतं. त्यांना कळत नव्हतं, पण मुलगा बोलायला लागला की ते जरा पुढे वाकायचे. परीक्षक पुण्याचे, वयस्कर. ते म्हणाले, की पहिल्याच चिलटांवर प्रबंध आला असता तर मी योगायोग म्हणून परत पाठवला असता. वेगळ्या ठिकाणची चिलटं घेऊन तेच पुन्हा घडलं, म्हणून मी मान्य करतो. भिकाजी दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होता. मी त्याला नंतर हे मराठीत सांगितलं तेव्हा तो ट्रे तसाच घेऊन मोरीकडे निघून गेला.

मला वाटलं संपलं. पण परीक्षकांनी प्रबंध मिटला आणि मराठीत म्हणाले, "हिवराळे, बाहेरचं एक विचारतो. चिलटांचं वागणं रक्तात असतं, हे तुम्ही दाखवलंत. मग माणसांचं काय? बुद्धी, कर्तबगारी, हेही रक्तातच असतं, असं तुमच्या कामावरून म्हणायचं का?"

अनुपमाताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या माणसाच्या मनात काय होतं मला आजही माहीत नाही. पण हा प्रश्न कुठल्या दाराबाहेर ऐकलेला होता ते मला माहीत होतं, आणि शेजारी सासरे बसले होते. या वेळी प्रश्न मराठीत होता, त्यांनाही कळला होता.

अंबादासनी घाई केली नाही.

"सर, माझ्या नळ्यांत सगळ्यांना एकाच पातेल्यातलं अन्न मिळतं," ते म्हणाले. "ऊब तीच, उजेड तोच, जागाही तेवढीच. एवढं सगळं सारखं दिल्यावर जो फरक उरतो, त्यालाच मी रक्ताचा म्हणतो. माणसांना अजून एकदाही सारखं दिलेलं नाही. ते द्या, चार पिढ्या जाऊ द्या, मग मला बोलवा. मी मोजून देईन."

परीक्षकांनी मिटलेला प्रबंध पुन्हा उघडून शेवटचं पान काढलं. मग म्हणाले, हे प्रबंधात का नाही? अंबादास म्हणाले, कुणी विचारलं नव्हतं. परीक्षक म्हणाले, छापायला जाण्याआधी घाला, शेवटच्या पानावर. आणि त्यांनी सही केली.

पेढे, नमस्कार वगैरे झालं. अंबादास मागे थांबले, मी सासऱ्यांना घेऊन बसने निघाले. साकीनाक्याला नेहमीसारखी बस अडकली. सासरे खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं दमले असतील. मग ते माझ्याकडे वळले.

"सारखं मिळालं नाही, हे त्याने बरं सांगितलं. कुणीतरी सांगायलाच पाहिजे होतं." मग म्हणाले, "पण जे मिळालं ते कुणाकुणाच्या ताटातलं, हेही सांगायला पाहिजे. तो नाही सांगणार, त्याला संकोच वाटतो. तू सांग."

मी हो म्हटलं. मग ते तिथेच बसमध्ये रडले, चारचौघांत, सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत. मी त्यांना रडताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. कंडक्टरने विचारलं, बाबांना काय झालं? मी म्हटलं, यांचा मुलगा आज डॉक्टर झाला.